एक जूनला जन्मलेली माणसं

महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मे रोजी शाळांमध्ये आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये निरोपसमारंभांची झुंबड उडते. शाल, नारळ, भाषणं, आणि एकेका खात्यातून एकाच दिवशी बाहेर पडणारी चिक्कार माणसं. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. आणि यातल्या बहुतेकांची जन्मतारीख असते १ जून.

एवढी माणसं १ जूनला जन्मली कशी? जन्मलीच नाहीत. कुणी भर पावसात जन्मलं, कुणी सुगीत, कुणी 'धाकट्या आत्याच्या लग्नाच्या आदल्या साली'. खेड्यात जन्माची नोंद करायला कुणी फारसं जात नसे. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी अंदाजानं वर्ष धरत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख टाकत १ जून. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा झाला १९६९ साली. त्याच्या आधीच्या, आणि नंतरच्याही बऱ्याच लोकांची जन्मवेळ ब्रह्मदेवानं ठरवली असली, तरी जन्मतारीख मात्र गुरुजींनी ठरवली आहे.

घराघरात हा थट्टेचा विषय असतो. पण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांचा प्रोग्राम हीच तारीख कशी आडवा पाडू शकते, आणि तो पुन्हा उभा करायला गणिताच्या किती खोल विहिरीत उतरावं लागतं, हे पाहिलं की मी तरी थक्क होतो.

आधी प्रोजेक्ट या प्रकाराविषयी. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट पुण्यात नाना तऱ्हेचे असतात. काही चक्क तयार विकत मिळतात. पैसे मोजा, कोड घ्या, सोबत बांधलेला रिपोर्टही घ्या. काही 'स्पॉन्सर्ड' असतात, पण नावापुरते: ओळखीतल्या कुणाच्या कंपनीचं लेटरहेड सिनॉप्सिसला जोडलं की काम झालं. आणि थोडे खरोखरच एखाद्या कंपनीच्या कामाचा तुकडा घेऊन केलेले असतात. कारखान्यानं आणि कॉलेजनं मिळून इंजिनिअर घडवावा, ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्येच विद्यार्थ्यांना आळीपाळीनं वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली होती. सॉफ्टवेअरच्या कामाला 'इंजिनिअरिंग' म्हणायची पद्धत मात्र रूढ झाली १९६८ नंतर, नाटोनं जर्मनीतल्या गार्मिश गावी भरवलेल्या परिषदेपासून. प्रोग्राम मोठे होत चालले होते, वेळेत पूर्ण होत नव्हते आणि पूर्ण झाले तरी धड चालत नव्हते, ही तेव्हाची तक्रार. आजही ती तशीच्या तशी करता येईल.

आता नमुन्यादाखल एक प्रोजेक्ट मनात रचू. कॉलेज पुण्यातलं कुठलंही धरा, कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कुठलीही. गटात चौघं. कॉलेजातला गाइड वेगळा, कंपनीतला वेगळा. कंपनीतला तिशीतला आहे. 'मला नावानं हाक मारा' असं तो पहिल्याच दिवशी सांगतो. मुलांच्या तोंडून ते काही निघत नाही, म्हणून आठवडाभरात त्याचा 'दादा' होतो.

काम एका वाक्यात सांगता येतं. हॉस्पिटलच्या यादीत एकाच माणसाच्या दोन किंवा तीन नोंदी असतील, तर त्या शोधून काढा.

ऐकायला किरकोळ आहे. पण लक्ष्मीबाई नावाच्या आजी दोन वर्षांपूर्वी ताप घेऊन आल्या होत्या, तेव्हा केस पेपरवर 'पेनिसिलिन चालत नाही' असा शेरा पडला होता. आता त्यांना नातू घेऊन आलाय, त्यानं काउंटरवर नुसतं 'लक्ष्मी' सांगितलं, नवा नंबर पडला, नवा केस पेपर निघाला. शेरा जुन्या कागदावरच राहिला. कंप्यूटरच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या बायका आहेत आणि एकीची ॲलर्जी दुसरीला लागू नाही.

मग आधार क्रमांक का विचारत नाहीत? विचारतात, पण अपघातात सापडलेला माणूस कार्ड घेऊन येत नसतो. शिवाय आधारचीच गोष्ट बघा. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हापासून एकाच माणसाला दोन क्रमांक जाऊ नयेत म्हणून ती यंत्रणा बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं ताडून पाहते. नुसत्या नावावर आणि जन्मतारखेवर तिची भिस्त नाही. आपल्या चौघांना मात्र नाव, जन्मतारीख, गाव, आणि असलाच तर फोन नंबर एवढ्यावरच भागवायचं आहे.

पहिला धक्का आकड्यांचा बसतो. यादीत १ लाख नोंदी आहेत. प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची म्हटलं तर जोड्या किती होतात? ४९९ कोटी ९९ लाख ५० हजार. एका जोडीला सेकंदाचा हजारावा भाग लागतो असं धरलं, तरी प्रोग्राम अठ्ठावन्न दिवस अखंड चालेल. नोंदी दुप्पट झाल्या की वेळ चौपट. लाखभर नावांची यादी एका साध्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते, पण तिच्यातले संभाव्य संबंध मावत नाहीत, ही गोष्ट मला कित्येकदा बघूनही जुनी वाटत नाही. (फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात हेच सूत्र माणसांना लावलं होतं. चौघांच्या गटात बोलण्याच्या वाटा सहा, दहाजणांत पंचेचाळीस. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की तो आणखी लांबतो, याचं एक मोठं कारण हे.)

यावरचा उपाय टपाल खात्यानं आपल्याला फार पूर्वी शिकवून ठेवला आहे. देशभरची पत्रं एका ढिगात घालून कुणी प्रत्येक पत्ता वाचत बसत नाही. आधी पिनकोडप्रमाणे गठ्ठे पडतात, मग प्रत्येक गठ्ठा त्याच्या त्याच्या पोस्टात उघडतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकारानं. वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. सारख्या नावांची गावं, नाना भाषांतले पत्ते, चुकीची स्पेलिंगं या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला, म्हणजे आपल्या चौघांच्या दुखण्याची नस त्यांना नेमकी सापडली होती. प्रोग्रामच्या भाषेत या गठ्ठ्यांना ब्लॉक म्हणतात. गठ्ठ्याबाहेरच्या नोंदीशी तुलनाच करायची नाही.

गठ्ठे पाडायचे कशावरून? मुलं म्हणतात, जन्मतारखेच्या दिवस-महिन्यावरून. वर्षात ३६५ दिवस, लाख नोंदी, म्हणजे गठ्ठ्याला पावणेतीनशेच्या आसपास. अठ्ठावन्न दिवसांचं काम पावणेचार तासांवर येतं. हिशेब बिनचूक आहे. या टप्प्यावर कॉलेजातला पहिला रिव्ह्यू झकास पार पडतो, पीपीटीत आलेख असतो आणि सर मान डोलावतात.

दरम्यान नावांचा तिढा सुटायचा असतो. मुलं आधी पाठ्यपुस्तकात सापडतं ते वापरतात. साउंडेक्स नावाची युक्ती त्यांत पहिली. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. तिचा मोठा वापर झाला तो अमेरिकेच्या जनगणनेची सूची करताना, १९३० च्या दशकात. कारण ऐकून गंमत वाटेल. १९३५ मध्ये तिथे सोशल सिक्युरिटीचा कायदा आला, म्हातारपणी पैसे मिळणार होते, पण असंख्य लोकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. मग जुन्या जनगणनेच्या वह्यांतून 'हा अमुक साली इतक्या वर्षांचा होता' हे शोधून द्यायची सोय करावी लागली. १८८० च्या जनगणनेची सूची तर फक्त दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांपुरतीच केली, कारण पेन्शनच्या वयाला टेकणार होती ती तीच मुलं. म्हणजे त्यांच्याकडेही वयाचा घोळ होताच, फक्त गुरुजी नव्हते.

ही परदेशी युक्ती आपल्या आडनावांवर चालवून बघण्यात फार मजा आहे. इंग्रजी स्पेलिंगनं पाटील आणि पटेल या दोघांचा संकेत एकच येतो: पी-३४०. जोशी आणि जोग दोघेही जे-२००. उलट वाघ हे एकच आडनाव एकानं डब्ल्यूनं लिहिलं आणि दुसऱ्यानं व्हीनं, की संकेत वेगळे, कारण पहिलं अक्षरच वेगळं. गावडेंचं तर आणखी वाईट. त्यांचा 'व' मधोमध येतो. डब्ल्यूला साउंडेक्स गाळून टाकतं आणि व्हीला आकडा देतं, त्यामुळे सख्खे भाऊ जी-३०० आणि जी-१३० होऊन बसतात. गोव्यात मात्र ही पद्धत अचानक शहाणी वाटू लागते. पोर्तुगीज वळणानं क्यू घालून लिहिलेला नाईक आणि आपला के लावलेला नाईक या दोघांना ती एकत्र आणते, कारण तिच्या लेखी क्यू आणि के एकाच घरातले.

मग इंग्रजी सोडून सरळ देवनागरीतच नावं ताडली तर? एक माप आहे. एका शब्दापासून दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं. व्लादिमीर लेवेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५ मध्ये ते मांडलं. 'सुनिता' आणि 'सुनीता' यांच्यात अंतर एकाचं, छान. पण 'सीमा' आणि 'रीमा' यांच्यातही एकाचंच, आणि 'रमा' व 'रमाबाई' यांच्यात तीनाचं. कंप्यूटरला रीमा ही सीमाची जवळची आणि रमाबाई ही रमाची लांबची वाटते. आपण 'बाई', 'राव', 'ताई', 'आप्पा' हे नावाला कधी लावतो आणि कधी गाळतो याचा नियम कुणी कधी लिहून ठेवलेला नाही. तो चौघांना बसून लिहावा लागतो.

आणि देवनागरीच्या पोटात आणखी एक भुताटकी आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र, पापणीसारखा दिसणारा, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शेजारी शेजारी ठेवून भिंग लावलं तरी फरक दिसायचा नाही. पण मशीन अक्षरं पाहत नाही, त्यांच्यामागचे आकडे पाहते आणि ते आकडे वेगळे आहेत. तसंच 'ॲ'चं. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी लोक 'अ' टाइप करून त्यावर चंद्र चढवत आणि अजूनही कितीतरी कीबोर्डवर तसंच होतं. ॲड. देशपांडे यांच्या दोन फायली निघाल्या तर त्यांत वकिलाची काही चूक नाही. मुलं असल्या जोड्यांचा तक्ता करतात, सगळी रूपं एका रूपावर आणतात आणि मगच तुलना करतात. ही साफसफाई रिपोर्टमध्ये जेमतेम अर्धं पान खाते, प्रत्यक्षात महिना खाते.

इतकं सगळं मुलांनी केलं ते बनावट नोंदींवर. कंपनीनं खरी यादी दिलेलीच नव्हती, आणि ते बरोबरच आहे. रुग्णाची माहिती ही त्याची खासगी गोष्ट. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला नसता तरी ती चार मुलांच्या लॅपटॉपवर फिरू देणं शहाणपणाचं नव्हतं. म्हणून मुलांनी एक छोटा प्रोग्राम लिहून लाखभर खोटी माणसं तयार केली. नावं-आडनावं यादीतून उचललेली आणि जन्मतारखा फासे टाकावेत तशा वर्षभर सारख्या पसरलेल्या. त्या माणसांवर प्रोग्राम अप्रतिम चालला.

मार्चच्या सुमारास दादा त्यांना कंपनीत बोलावतो. कंपनीच्याच मशीनवर, बाहेर काही न नेण्याच्या अटीवर, खऱ्या यादीवर प्रोग्राम चालवून बघायचा आहे. पडद्यावर गठ्ठ्यांच्या तारखा एकामागून एक सरकू लागतात. एक जानेवारीपाशी थोडं अडखळतं, मग फेब्रुवारी, मार्च, एप्रिल भराभर. तासाभरात मे संपतो आणि ०१-०६ येतं. ते हलत नाही. पाच मिनिटं होतात, पंधरा होतात. कुणीतरी म्हणतं, हँग झालं. दादा सांगतो, नाही, सीपीयू पुरा जुंपलेला दिसतोय, काम चालू आहे. सगळे खाली जाऊन चहा आणि वडापाव खाऊन येतात. अजून ०१-०६.

समजा लाखातल्या २० हजार नोंदींवर १ जून आहे. नुसत्या त्या एका गठ्ठ्यात जवळजवळ २० कोटी जोड्या होतात. आपल्या मघाच्या वेगानं त्याला पंचावन्न तास. उरलेलं सगळं वर्ष मिळून अडीच तासांत संपणारं, आणि हा एक दिवस दोन दिवसांहून लांब.

विलक्षण गोष्ट ही, की हे चौघांनाही ठाऊक असतं. एकाचे आजोबा १ जूनचे, एकीची आजी आणि मोठे काका दोघंही १ जूनचे. घरी त्यावरून हसणं झालेलं असतं. पण घरात असलेलं ज्ञान आणि लॅपटॉपवर लिहिलेला कोड यांच्यामध्ये भिंत असते, कारण कॉलेजात डेटा नेहमी धुऊन-पुसून मिळालेला असतो. माझ्या मते कंपनीनं विद्यार्थ्यांना देण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हा असला ०१-०६. स्टायपेंड, सर्टिफिकेट, पुढेमागे नोकरीचं पत्र हे सगळं चांगलंच, पण खरा ऐवज हा. वर्गात बसून कुणाला हा सुचत नाही आणि खोट्या माणसांची यादी करताना कुणी तो मुद्दाम घालत नाही.

पहिला विचार मनात येतो तो खोडून टाकण्याचा. १ जून ही खोटी तारीख, तेव्हा ती रिकामी समजू. दादा म्हणतो, थांबा. ही तारीख खोटी असेल, पण पक्की आहे. गुरुजींनी एकदा टाकली की शाळेचा दाखला, रेशनकार्ड, पेन्शनची कागदपत्रं, सगळीकडे तीच जाते. ज्याची खरी तारीख कुणी सांगू शकत नाही, तो ही मात्र कधी चुकत नाही. आपल्याला माणूस नेमका कधी जन्मला हे शोधायचंच नाही. तो दोन्ही वेळा तेच सांगतो का, एवढं पाहायचं आहे.

इथे मुलांना आकड्यांतली एक जुनी आणि देखणी कल्पना भेटते. हॉवर्ड न्यूकोम्ब नावाचे कॅनडातले जनुकशास्त्रज्ञ होते, चॉक रिव्हर इथल्या अणुसंशोधन केंद्रात. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो हे शोधायचं, तर कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा माग हवा. आणि तो जन्माच्या व लग्नाच्या लाखो सुट्या नोंदींत विखुरलेला. १९५९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नोंदी कंप्यूटरनं जोडून दाखवल्या. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. दुर्मीळ आडनाव जुळलं तर तो भक्कम पुरावा, सर्रास आडनाव जुळलं तर कच्चा. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, आयव्हन फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी त्याला काटेकोर गणिताचं रूप दिलं. (आपला जन्मनोंदणीचा कायदाही १९६९चाच. योगायोगच, पण मला आवडलेला.)

गणित असं. दोन नोंदी खरोखर एकाच माणसाच्या असतील तर एखादी गोष्ट जुळण्याची शक्यता किती, आणि त्या वेगवेगळ्या माणसांच्या असूनही ती योगायोगानं जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीनं भागायचं. आला भागाकार तो पुराव्याचा जोर. एरवीच्या तारखेला, म्हणजे समजा १७ ऑगस्टला, खऱ्या जोडीत जुळण्याची शक्यता ०.९ धरू आणि योगायोगाची ३६५ त एक. भागाकार येतो ३२८ च्या पुढे. १ जूनला योगायोगाची शक्यताच पाचात एक आहे, म्हणून भागाकार साडेचार. दोघेही १ जूनचे आहेत हे कळून आपल्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. मात्र एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर १७ ऑगस्ट असेल, तर ही एकच व्यक्ती नसावी हा संशय जवळजवळ नेहमीइतकाच बळकट राहतो. एकच तारीख, जुळताना पोकळ आणि न जुळताना वजनदार. नाव, गाव, वडिलांचं नाव, फोन यांचे जोर असेच काढायचे, एकत्र गुंफायचे आणि शेवटी एकच आकडा हाती येतो. गठ्ठ्यांसाठी मुलं आता एकाच कसोटीवर विसंबत नाहीत. एकदा आडनावाच्या ध्वनीवर आणि जन्मवर्षावर, एकदा गाव आणि पहिल्या नावावर, असे वेगवेगळे गठ्ठे पाडतात. एका चाळणीतून सुटलेली जोडी दुसरीत अडकते.

आता हा प्रोग्राम किती चांगला हे कसं सांगायचं? कॉलेजातल्या रिपोर्टांत 'ॲक्युरसी ९७ टक्के' असं मोठ्या अक्षरात लिहायची चाल आहे. आपल्या यादीत खऱ्या दुहेरी जोड्या समजा ५ हजार आहेत, एकूण जोड्या ५०० कोटी. 'एकही जोडी जुळत नाही' एवढं एकच उत्तर देणारा, एका ओळीचा आळशी प्रोग्राम ९९.९९९९ टक्के बरोबर ठरतो! म्हणून इथे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. तू दाखवलेल्या जोड्यांतल्या खऱ्या किती, आणि खऱ्यांतल्या तुला सापडल्या किती. ही दोन उत्तरं एकमेकांशी भांडतात. एक वाढवायला गेलं की दुसरं घसरतं.

कुठे थांबायचं हे गणित सांगत नाही, हॉस्पिटल सांगतं. एका माणसाच्या दोन फायली सुट्या राहिल्या तर रक्ताची तपासणी पुन्हा होईल, किंवा लक्ष्मीबाईंसारखा शेरा हरवेल. पण दोन वेगळ्या माणसांची फाइल एक झाली तर एकीचा रक्तगट दुसरीच्या कागदावर जाईल. फेलेगी आणि सुंटर यांनी आपल्या मांडणीत हे ओळखलं होतं. त्यांनी 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये तिसरा कप्पा ठेवला, माणसानं बघून ठरवायचा. हॉस्पिटलात ते माणूस म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागातल्या ताई. मुलं त्यांच्याशेजारी बसून शंभरेक जोड्या तपासतात आणि अवाक होतात. ताई नावाकडे आधी बघतच नाहीत. त्या बघतात सोबत आलेल्या नातेवाइकाचं नाव, मग गाव, मग कुठल्या डॉक्टरकडे दाखवलं ते. 'सांगोल्याहून येणारी बाई आहे, बरोबर दर वेळी जावईच असतो,' असं म्हणून त्या जोडी पक्की करतात. नातेवाइकाचा रकाना मुलांनी डेटाबेसमधून उपयोगाचा नाही म्हणून गाळला होता. तो परत येतो.

शेवटी कोड कंपनीच्या कोडात मिसळायचा असतो. तो गिटमधून जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या कामासाठी हे साधन उभं केलं. गिट प्रत्येक फाइलच्या मजकुरावरूनच तिचं चाळीस अक्षरी नाव काढतं. स्वल्पविराम बदलला तरी पुरतं नाव बदलतं, आणि तोच मजकूर पुण्यात असो की हेलसिंकीत, नाव तेच येतं. २०१७ मध्ये संशोधकांनी मुद्दाम, अफाट गणना करून, दोन वेगळ्या फायलींचं या नावामागच्या सूत्रानं एकच उत्तर येईल असं घडवून दाखवलं, पण त्यासाठी तेवढा खटाटोप करावा लागला. फाइलची ओळख पटवण्याचा प्रश्न असा चाळीस अक्षरांत सुटतो. लक्ष्मीबाईंची ओळख पटवण्याचा प्रश्न सोडवायला या चौघांचं वर्ष गेलं, आणि तोही अर्धवटच सुटला.

मुलांचा कोड एका फटक्यात आत जात नाही. दादा ओळीओळीवर शेरे मारतो: हे नाव कळत नाही, इथे रिकामी तारीख आली तर काय, ही टेस्ट कुठे आहे. कॉलेजात चाललेला प्रोग्राम म्हणजे पूर्ण झालेला प्रोग्राम, इथे चाललेला प्रोग्राम म्हणजे चर्चेला घेण्याजोगा प्रोग्राम. अनेकांना याचा राग येतो. यावा.

मे महिन्यात व्हायवा. सोनेरी अक्षरांत बांधलेला जाडजूड रिपोर्ट, त्यात अर्धी पानं यूएमएलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या आराखड्याच्या, आकृत्यांची, मागे एक शोधनिबंध. तो बहुतेकदा पैसे भरून छापणाऱ्या एखाद्या जर्नलमध्ये आलेला असतो आणि ही प्रथा जितकी लवकर बंद होईल तितकी बरी. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम आकृत्या उलटून पुढे जातात आणि एकच प्रश्न विचारतात: चुकून दोन फायली एक झाल्या, तर परत वेगळ्या करता येतात का? चौघं एकमेकांकडे बघतात. येतात. ताईंनीच ते सुचवलं होतं. जोडलेली नोंद मूळ नोंदी पुसत नाही, त्या तशाच मागे ठेवते. मॅडम वहीत काहीतरी लिहितात.

एक मोठं भगदाड मात्र उघडंच राहतं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत पहिलं नावही बदलतात. माहेरची सुनिता रमेश जाधव आणि सासरची स्वाती प्रकाश मोरे या एकच आहेत, हे नावांच्या कुठल्याही अंतरमापानं कळणार नाही. न्यूकोम्ब यांनी तिकडे लग्नाच्या नोंदी हाताशी घेतल्या होत्या त्या याचसाठी, नवऱ्याचं आडनाव आणि बाईचं माहेरचं आडनाव अशी दोन्ही मिळून कुटुंब ओळखता यावं म्हणून. हॉस्पिटलाकडे लग्नाच्या नोंदी नसतात. त्यांच्याकडे असतो तो रक्तगट, जुन्या ऑपरेशनची खूण, आईचं नाव आणि ताईंची स्मरणशक्ती. रिपोर्टच्या 'फ्यूचर स्कोप'मध्ये चौघांनी यावर दोन परिच्छेद लिहिलेत. दादानं ते कापून पुढच्या गटासाठी बाजूला ठेवलेत. त्यांचा सिनॉप्सिस ऑगस्टच्या आत द्यायचा आहे.